१२८ बाइटांत मावलेल्या दहा पिना

घराच्या चार भिंतींत आणावयास अत्यंत गैरसोयीचा खेळ कोणता, असा प्रश्न कोणी केला तर दहा पिनांच्या अमेरिकन बोलिंगचा क्रमांक पुष्कळ वरचा लागेल. फाउलच्या रेषेपासून अग्रभागीच्या पिनेपर्यंत ६० फूट लांब आणि साडेएकेचाळीस इंच रुंद अशी गुळगुळीत लेन, तिच्यावर बेतशीर प्रमाणात पसरलेले तेल, १६ पौंडांपर्यंत वजनाचा चेंडू, १५ इंच उंचीच्या व प्रत्येकी साडेतीन पौंडांच्या आसपास भरणाऱ्या दहा पिना, आणि त्या पडल्यावर पुन्हा जागच्या जागी उभ्या करण्याचा बंदोबस्त, एवढा सरंजाम ज्याच्या पदरी असेल त्यानेच हा खेळ घरी मांडावा. पिना उभारण्यासाठी पूर्वी लेनच्या टोकाशी मुले बसविलेली असत. १९४६ साली बफेलो येथील स्पर्धेच्या प्रसंगी एएमएफ कंपनीने आपले स्वयंचलित यंत्र लोकांना दाखविले आणि १९५२ पासून ते बोलिंगगृहांत बसू लागले, तसतसा त्या मुलांचा रोजगार संपत गेला. असे असूनही, दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून घरात खेळावयाच्या कन्सोलचा धंदा अमेरिकेत उभा राहिला तेव्हा पहिल्या काही वर्षांतच बहुतेक प्रत्येक कारखानदाराने आपल्या यादीत बोलिंगला जागा दिली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आरसीएच्या ‘स्टुडिओ २’ ह्या यंत्रात तर, १९७७ च्या जानेवारीत ते बाजारात आले तेव्हाच, अंगभूत अशा पाच खेळांत एक बोलिंगचा होता. चित्र काळेपांढरे, जॉयस्टिकच्या दांडीऐवजी अंकांची बटणे, आणि पडद्यावरील ठिपके इतके ढोबळ की चेंडू चौकोनी आहे ह्याबद्दल तक्रार करणेही अप्रस्तुत ठरावे. १९७८ साली फेअरचाइल्डच्या ‘चॅनेल एफ’साठी एकविसावी व्हिडिओकार्ट बोलिंगची निघाली, आणि मॅग्नावॉक्सने आपल्या ‘ओडिसी २’साठी बोलिंग व बास्केटबॉल एकाच कार्ट्रिजमध्ये घालून दिले. तथापि ह्या सर्वांत ज्याच्याकडे निवांतपणे पाहावे असा खेळ म्हणजे १९७९ च्या सुमारास अटारीने काढलेला, केवळ ‘बोलिंग’ एवढ्याच नावाचा, लॅरी कॅप्लन ह्या प्रोग्रामरने लिहिलेला खेळ होय. तो श्रेष्ठ होता म्हणून नव्हे. अटारीच्याच यादीत त्याहून चमकदार खेळ कितीतरी होते. परंतु यंत्राच्या दारिद्र्याचा आणि खेळाच्या स्वभावाचा इतका उत्तम मेळ मला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे, आणि हा मेळ कसा बसला हे समजावयाचे तर आधी त्या दारिद्र्याची कल्पना यावयास हवी.

अटारीचे हे यंत्र १९७७ च्या सप्टेंबरात १९९ डॉलर किमतीस विक्रीला आले. ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ हे त्याचे मूळ भारदस्त नाव; आज सर्वतोमुखी असलेला ‘२६००’ हा आकडा त्याला १९८२ साली चिकटला; आणि कारखान्याच्या आत मात्र सारे जण त्याला ‘स्टेला’ म्हणत, जे जो डिक्युअर ह्या अभियंत्याच्या सायकलीचे नाव होते. त्यातील ६५०७ हा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ११ लाख ९० हजार ठोक्यांच्या गतीने चाले, ही गती त्या काळी अगदीच अपमानास्पद नव्हती. परंतु खेळ चालू असताना बदलत्या गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी त्याला दिलेली स्मृती अवघी १२८ बाइटांची होती. पडद्यावरील चित्राची मोजणी १६० ठिपके आडवी आणि साधारण १९२ ओळी उभी अशी धरली, आणि प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला एवढीच नोंद ठेवावयाची म्हटले, तरी ३,८४० बाइट लागतात, म्हणजे पदरी असलेल्या स्मृतीच्या तीसपट. याचा अर्थ असा की हे यंत्र आपण काढीत असलेले चित्र स्वतः कधीच संपूर्णपणे पाहू शकत नव्हते.

मग चित्र उमटे कसे? जुन्या दूरचित्रवाणीच्या काचनळीत इलेक्ट्रॉनांचा एक झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ ओढीत वरून खाली येतो आणि अमेरिकन पद्धतीत हा प्रवास सेकंदाला ६० वेळा करतो. जे मायनर ह्यांनी रचलेली टीआयए नावाची चिप त्या झोताला त्या क्षणी कोणता रंग द्यावयाचा एवढेच सांगे, आणि पुढची ओळ येण्यापूर्वी तिच्या नोंदी बदलून ठेवण्याचे काम प्रोग्रामवर सोपविलेले असे. एका ओळीसाठी प्रोसेसरच्या वाट्याला ७६ ठोके येत. साधी आज्ञासुद्धा निदान दोन ठोके खाते, काही सात खातात. तेव्हा एका ओळीत सरासरीने पंचवीसेक आज्ञा उरकल्या म्हणजे झोत पुढच्या ओळीवर हजर. चेंडू कोठे पोचला, कोणती पिन पडली, गुण किती झाले असला बाकीचा सगळा विचार झोत तळाशी पोचून पुन्हा माथ्यावर परतेपर्यंतच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या सत्तर-एक ओळींच्या अवधीत आटपावा लागे. शिवाय त्या चिपला माहीत असलेल्या हलत्या वस्तू केवळ पाच: आठ ठिपके रुंदीच्या दोन आकृती, दोन बारीक ‘मिसाइल’ आणि एक ‘बॉल’. त्यांच्यामागे ठोकळ्यांची ढोबळ पार्श्वभूमी, आणि आवाजासाठी दोन वाहिन्या. एवढ्या मिळकतीत माणूस, चेंडू, दहा पिना आणि गुणफलक ह्यांचा योगक्षेम चालवावयाचा होता.

संपूर्ण खेळ कॅप्लनने २,०४८ बाइटांच्या कार्ट्रिजमध्ये बसविला. आजच्या संगणकात देवनागरीचे एकेक चिन्ह साठविण्यास बहुधा तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने वाचकाने नुकताच संपविलेला परिच्छेद एकटाच त्या कार्ट्रिजमध्ये मावला नसता.

आता पिनांकडे वळू. ह्या खेळात लेन पडद्यावर आडवी मांडलेली आहे. खेळाडू डाव्या बाजूला उभा, पिनांचा त्रिकोण उजवीकडे टोक डावीकडे करून बसलेला, आणि आपण हे सर्व छतावरून पाहत असल्यासारखे, जरी तो माणूस मात्र बाजूने पाहिल्यासारखा दिसतो. ही विसंगती कोणालाही खुपत नाही. लेन उभी ठेवून लांबवर निमुळती होत गेलेली दाखविणे अधिक वास्तव झाले असते, परंतु तसे केले असते तर पिनांच्या सर्वांत मागच्या रांगेतील चार पिना झोताच्या एकाच ओळीवर येऊन आठ ठिपक्यांच्या आकृतीत प्रत्येकीच्या वाट्याला एकेक ठिपका आला असता. त्रिकोण आडवा केल्याबरोबर काय होते पाहा. पिनांचे अधिकृत क्रमांक ध्यानात घेतले तर सगळ्यांत वरच्या ओळीवर सातवी एकटी येते, तिच्याखाली चौथी एकटी, मग दुसरी व आठवी, मधोमध पहिली व पाचवी, नंतर तिसरी व नववी, पुढे सहावी आणि तळाशी दहावी. सात ओळी, आणि एकाही ओळीवर दोहोंपेक्षा अधिक पिना नाहीत! आठ ठिपक्यांच्या एकाच आकृतीत त्या ऐसपैस, मध्ये अंतर राखून बसू शकतात. झोत खाली सरकेल तसा आकृतीचा नमुना ओळीगणिक बदलीत जावयाचे एवढेच. ज्या पिना पडल्या त्यांचे ठिपके नमुन्यातून वगळले की काम झाले, आणि उभी-पडली एवढाच तपशील ठेवावयाचा तर दहा पिनांना दहा बिट, म्हणजे सव्वा बाइट पुरतो. एकच आकृती वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या रूपाने पुन्हा पुन्हा वापरण्याची ही रीत कॅप्लनच्या अंगवळणी पडलेली होती. यंत्राबरोबरच विक्रीस आलेल्या ‘एअर-सी बॅटल’मध्ये त्याने तिच्याच बळावर एकाखाली एक अशा अनेक पातळ्यांवर लक्ष्ये उडविली होती.

टक्कर ओळखण्याची सोय चिपमध्येच होती. पार्श्वभूमी धरून तिच्यातील वस्तूंपैकी कोणत्याही दोन एकमेकींना शिवल्या की त्याची नोंद आपोआप होई, आणि अशा १५ जोड्यांची दखल घेतली जाई. पण ही नोंद ‘चेंडू पिनांच्या आकृतीला लागला’ एवढेच सांगे. दहांतील कोणत्या पिनेला लागला, हे चेंडू त्या क्षणी कोणत्या ओळीवर आहे त्यावरून प्रोग्रामने ताडावयाचे. आणि येथे खऱ्या बोलिंगशी त्याची फारकत होते. खऱ्या लेनवर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पहिल्या व तिसऱ्या पिनेच्या फटीत अचूक शिरला आणि दहाही पिना कोसळल्या, तर चेंडूने स्वतः स्पर्श केलेला असतो तो पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी ह्या चौघींनाच. उरलेल्या सहा जणी एकमेकींच्या धक्क्याने जातात. लाकडाच्या ह्या आपसांतील झटापटीचे यंत्रशास्त्र दोन हजार बाइटांत मांडणे अशक्य होते, आणि कॅप्लनने तो मोह टाळला ह्यातच त्याची जाण दिसते. स्ट्राइक झाल्यावर तो चिमुकला खेळाडू आनंदाने उड्या मारतो, ह्यासाठी मात्र त्याने बाइट खर्चले. हा खर्च मला अत्यंत रास्त वाटतो.

बोलिंगचे खरे वैचित्र्य त्याच्या गुणलेखनात आहे, आणि नवशिक्या माणसाला बोलिंगगृहात जे काही कळत नाही ते हेच. दहा फ्रेम असतात, प्रत्येक फ्रेममध्ये चेंडू टाकण्याच्या दोन संधी. पहिल्याच चेंडूने दहाही पिना पाडल्या तर स्ट्राइक, आणि त्या फ्रेमला दहा गुणांखेरीज पुढील दोन चेंडूंचे गुण मिळतात. दोन चेंडू मिळून दहा पाडल्या तर स्पेअर, आणि तिला पुढील एका चेंडूचे. एखाद्याने पहिल्या फ्रेममध्ये स्ट्राइक केला आणि दुसऱ्या फ्रेममध्ये सात व दोन पिना पाडल्या, तर पहिल्या फ्रेमचे गुण १९ होतात, दुसरीचे नऊ, आणि एकूण २८. म्हणजे स्ट्राइकचा आकडा कचेरीतील तसलमातीच्या रकमेसारखा असतो. ऐवज हातात पडलेला आहे, परंतु तो कोणत्या खाती किती पडणार ह्याचा निकाल पुढच्या व्यवहारानंतर लागावयाचा, आणि तोवर कारकुनाने ते पान उघडे ठेवावयाचे. दहाव्या फ्रेमचे जादा चेंडू धरून सलग बारा स्ट्राइक केले असता होणारे ३०० हे गुण म्हणजे ह्या खेळातील पूर्णत्वाची परिसीमा.

माणसाच्या मनाला घोटाळ्यात पाडणारा हा हिशेब यंत्राला मात्र काहीच जड नाही. कितीही स्ट्राइक ओळीने झाले तरी एका वेळी दोनहून अधिक फ्रेमचे गुण अनिर्णित राहू शकत नाहीत. तेव्हा मागील दोन चेंडूंची आठवण आणि चालू बेरीज एवढ्यावर सारे भागते, आणि त्याला मोजके बाइट पुरतात. ज्या गोष्टीची यंत्राकडे टंचाई, म्हणजे एकाच वेळी पडद्यावर हिंडणाऱ्या वस्तू, ती बोलिंगला लागतच नाही, कारण ह्या खेळात एका वेळी चालतो तो एक चेंडू आणि बाकीचे सर्व जण स्वस्थ उभे असतात; आणि ज्या गोष्टीला बोलिंगगृहात पेन्सिल, तक्ता व अनुभवी दोस्त लागत, ती बिनचूक बेरीज, यंत्र हसत हसत करते. फुटबॉलमध्ये बावीस माणसे धावतात; म्हणून त्या काळच्या कन्सोलवरील फुटबॉल केविलवाणा दिसे. बोलिंग दिसत नसे, ह्याचे श्रेय प्रोग्रामरइतकेच खेळालाही आहे.

खेळण्याची कृती सोपी होती. दांडी वर-खाली केली की खेळाडू सरके, लाल बटण दाबले की चेंडू सुटे. एकूण सहा प्रकार होते, तीन एकट्याचे व तीन दोघांनी पाळीपाळीने खेळावयाचे, आणि त्यांतील भेद चेंडूच्या वागणुकीत होता: एकात तो सरळ जाई, एकात सुटल्यानंतर त्याला एका बाजूस वळण देता येई, आणि एकात तो पिनांपर्यंत पोचेतो दांडीने हवा तसा वळविण्याची मुभा असे. वळणाचा चेंडू हा खऱ्या खेळातील ‘हुक’चा वंशज, तेलकट भागावरून घसरत आलेला आणि पुढे कोरड्या फळ्यांवर पकड येताच आत वळणारा. पण हातातून सुटलेल्या चेंडूला वाटेत दिशा देणे हा बोलिंगच्या धर्माशी उघड उघड द्रोह आहे. खऱ्या लेनवर चेंडू सोडल्यानंतर माणूस कमरेतून वाकतो, हात हलवितो, चेंडूला आर्जवे करतो, आणि चेंडू काही एक ऐकत नाही. कन्सोलवरील त्या प्रकारात तो ऐकतो. मुलांना हाच प्रकार अधिक आवडत असल्यास आश्चर्य नाही. मला स्वतःला सरळ चेंडूचाच प्रकार मनापासून भावतो, कारण त्यात चूक झाली तर ती बटण दाबण्यापूर्वीच होऊन गेलेली असते.

कॅप्लनची अटारीतील नोकरी ह्या खेळानंतर फार काळ टिकली नाही. वॉर्नर कम्युनिकेशन्सने १९७६ साली अटारी विकत घेतल्यापासून कंपनीचा कारभार बदलला होता. खेळ लिहिणाऱ्यांना ठरलेला पगार मिळे, विक्रीतील वाटा मिळत नसे, आणि पेटीवर त्यांचे नाव छापण्याची पद्धत नव्हती. ह्याच बंदीमुळे वॉरेन रॉबिनेट ह्याने आपल्या ‘ॲडव्हेंचर’ खेळाच्या एका गुप्त दालनात स्वतःचे नाव दडवून ठेवले, ही कथा प्रसिद्ध आहे. कॅप्लन, डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर व बॉब व्हाइटहेड ह्या चौघांनी दालने बांधण्याऐवजी राजीनामे दिले, आणि जिम लेव्ही ह्यांच्याबरोबर १९७९ च्या ऑक्टोबरात ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापिली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ करून विकणारी ही पहिली कंपनी, आणि तिच्या माहितीपुस्तिकांत खेळाच्या कर्त्याचे नाव सन्मानाने येई. कॅप्लनने तेथे ब्रिजचा खेळ लिहिला आणि १९८१ मध्ये ‘कबूम!’ हा त्याचा सर्वांत गाजलेला खेळ निघाला, ज्यात वरून बॉम्बची अखंड वृष्टी होत असते. पिनांच्या स्थितप्रज्ञ सृष्टीनंतर हा पालट गमतीचा आहे.

अटारीच्या प्रतिस्पर्ध्याने, मॅटेलने, आपल्या इंटेलिव्हिजनवर व्यावसायिक बोलिंगपटूंच्या संघटनेच्या परवान्याने ‘पीबीए बोलिंग’ काढला. त्यात चेंडूचे वजन निवडता येई, लेन किती निसरडी असावी हे ठरविता येई, डावखुऱ्यांची सोय होती आणि चौघांना भाग घेता येई. खेळ अभ्यासपूर्ण होता ह्यात शंका नाही. परंतु प्रत्येक निवडीसाठी अंकफलकाशी झटताना आपण खेळतो आहोत की एखादा अर्ज भरतो आहोत असा संभ्रम पडे. अटारीच्या कार्ट्रिजमध्ये तो पडत नसे.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम ह्यांनी १९९५ साली एक निबंध लिहून बोलिंगला अनपेक्षित प्रतिष्ठा मिळवून दिली. १९८० ते १९९३ ह्या अवधीत अमेरिकेत बोलिंग खेळणाऱ्यांची संख्या १० टक्क्यांनी वाढली, पण लीगच्या रूपाने संघ करून खेळण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी घटले, असे त्यांनी दाखविले आणि त्यावरून नागरी जीवनातील सहवास ओसरत असल्याचा सिद्धान्त मांडला. ह्या ऱ्हासाच्या कारणांत त्यांनी दूरचित्रवाणीलाही जबाबदार धरले आहे. तेव्हा नेमक्या त्याच काळाच्या उंबरठ्यावर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अवतरलेल्या ह्या घरगुती बोलिंगवर त्या पापाचा काही अंश टाकण्याचा मोह होतो. मला तसे करवत नाही. लीग मोडल्या त्या कामाच्या पाळ्या, वसाहतींची रचना, कुटुंबांच्या सवयी अशा अनेक थोर कारणांनी मोडल्या असतील. दोन भावंडे एका दांडीची अदलाबदल करीत सतरंजीवर बसली, त्याने काही नगरसंस्था कोसळत नाहीत.

त्यानंतरच्या यंत्रांकडे स्मृती वाढत गेली, आणि प्रत्येक पिढीच्या कन्सोलवर बोलिंग अधिकाधिक देखणे होऊन पुन्हा पुन्हा येत राहिले. त्या सर्वांची जंत्री देण्याचे कारण नाही. निराळा उल्लेख हवा तो निंटेंडोच्या ‘वी स्पोर्ट्स’चा. २००६ च्या नोव्हेंबरात निघालेल्या ह्या संग्रहातील बोलिंगने हातातील कंट्रोलर खरोखरच झुलवावयास लावून, दांडी व बटणाच्या राजवटीत तीस वर्षे निरुद्योगी असलेल्या मनगटाला पुन्हा कामाला लावले. मनगट इतक्या उत्साहाने कामाला लागले की कंट्रोलर हातातून निसटून भिरकावले जाऊ लागले, आणि निंटेंडोला पहिल्याच डिसेंबरात ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून देण्याची तजवीज करावी लागली. आठ कोटींहून अधिक प्रती खपलेल्या ह्या खेळामुळे अमेरिकेतील वृद्धनिवासांत बोलिंगच्या स्पर्धा सुरू झाल्या. ज्यांचे खांदे १६ पौंडांचा चेंडू पेलण्याच्या पलीकडे गेले होते त्यांना ती लेन पुन्हा मिळाली. त्याच खेळाच्या सरावाच्या विभागात एक प्रकार आहे, ज्यात प्रत्येक फेकीला त्रिकोणात एकेक रांग वाढत जाते आणि १० पिनांपासून सुरू झालेली मांडणी दहाव्या फेकीला ९१ पिनांवर पोचते. ह्या ९१ जणींचा कल्लोळ पाहण्यास मोठी मौज वाटते, यंत्राला तो आता भारी पडत नाही. मात्र त्या प्रकारात फ्रेम नाही, स्पेअर नाही, उघडे ठेवलेले पान नाही, पडतील तितक्या पिना मोजल्या, सगळ्याच पडल्या तर आकडा दुप्पट केला, की हिशेब संपला.